ट्रकवाला रोबो : सगळं झकास, पण मुठी सुट्या

दिवाळीत खडेबाजारातून लेकीसाठी जुन्या नमुन्याचा ऑप्टिमस प्राइम आणला, म्हणजे 'ट्रान्सफॉर्मर्स' कार्टूनमधला ट्रकचा रोबो होणारा नायक. असली नव्हे, त्याच धर्तीचा. खोक्यावर कंपनीचं नावगाव काही नाही. ट्रकचा रोबो कसा होतो ते सगळ्यांना पाठ आहे, ते लिहीत बसत नाही. मला मुठींबद्दल लिहायचंय.

१९८४ च्या मूळ खेळण्यातही मुठी सुट्याच होत्या. ट्रक करताना उपसून ठेवायच्या, रोबो करताना मनगटात बसवायच्या. निळा, नखाएवढा तुकडा. घरात लहान पोर असताना हा तुकडा टिकणार कसा? संक्रांतीच्या आतच डावी मूठ गेली. कपाट हलवलं, गाद्या झटकल्या, केरसुणीखालचा कचरा चाळला. नाही म्हणजे नाही.

दुकानात गेलो तर उत्तर तयार : "सुटा पार्ट येत नाही सर, नवीन पीसच घ्या." एका मुठीसाठी अख्खा रोबो? मी घेतला नाही आणि घेणारही नाही. हा राग अजून गेलेला नाही.

तोवर लेक जुनं कार्टून रोज बघायला लागली होती. एकदा म्हणाली, "बाबा, टीव्हीत त्याचे हात आपोआप बाहेर येतात की! आणि ती मागची ट्रॉली कुठं जाते? मेगाट्रॉन एवढा मोठा, मग पिस्तूल एवढंसंच कसं?" लहानपणी मामाच्या घरी व्हीसीआरवर बघताना मलाही हेच कोडं पडायचं. मेगाट्रॉन म्हणजे त्यातला खलनायक, तो पिस्तूल होतो. मापाचं उत्तर आता माहीत आहे. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीनं जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन वेगवेगळ्या मालिकांमधली खेळणी उचलून 'ट्रान्सफॉर्मर्स' या एका नावाखाली आणली. ऑप्टिमस डायाक्लोनमधला, त्यातल्या गाड्यांत बसायला बोटाच्या पेराएवढे चालक असायचे. मेगाट्रॉन मायक्रोमॅनमधला, तिथं पिस्तूल, कॅसेट प्लेअर अशा वस्तू खऱ्या मापाच्या. मग मापं जुळणार कुठून?

'आत चालक बसायचे' एवढंच तिनं धरलं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे काढले आणि ट्रॉलीत बसवले. तेव्हापासून ट्रॉलीचा मागचा दरवाजा दिवसभर उघडझाप होतोय, बिजागरी अजून घट्ट आहे. या एका गोष्टीवर मी पैसे वसूल म्हणतो. आधी दोन स्टार देणार होतो, आता चार.

मूठ शेवटी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत झाली. माझा मावसभाऊ तिथं लेथवर आहे. त्यानं उजव्या मुठीच्या खुंट्याला व्हर्नियर लावून बारीक माप घेतलं, नायलॉनच्या रॉडमधून तसाच तुकडा काढला, बंदूक धरायला भोकसुद्धा पाडलं. पांढरी मूठ आहे, पण कारखान्यातल्या मुठीपेक्षा घट्ट बसते. लेकीला तीच जास्त आवडते.

एक सांगून ठेवतो, ट्रान्सफॉर्मर्सचा १९८६ चा सिनेमा पोरांना एकटं बसवून दाखवू नका. नवी खेळणी खपवायची म्हणून त्यात ऑप्टिमसला मारलाय. माझी लेक जेवली नाही त्या रात्री. १९८७ मध्ये त्याला परत आणलेले कार्टूनचे दोन भाग आहेत, ते लगोलग लावा.

घेणार असाल तर दुकानातच खोकं उघडायला लावा, दोन्ही मुठी बसवून बघा, आणि घरी आल्याआल्या एकीचं माप लिहून ठेवा.