डमरूचा त्रिकोण झाला, नवरा पुन्हा बिनलग्नाचा

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधल्या एका छोट्या गटाने झुलू लोकांचं मणीकाम विकायला नवी वेबसाइट काढली आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी धुलाई आहे आणि माणसं कष्टाची आहेत. मी फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं काम करते, त्यामुळे माळ आवडली की नाही हे ठरण्याआधीच पान कसं बांधलंय ते बघते. साइट तपासली ती ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या अँड्रॉइडवर, प्रीपेड डेटा टाकून. अशा गटाचं गिऱ्हाईक बहुतेक असंच येणार.

मला सगळ्यात आवडली ती पानाची किनार. मण्यांच्या पट्ट्याची नक्षी वर-खाली फिरवली आहे आणि सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये) नुसतं 'रिपीट' न लिहिता 'राउंड' लिहिलंय. फोन उभा धरा की आडवा, नक्षी पूर्णच बसते. जागा कमी पडली तर एक अख्खा नमुना गळतो आणि उरलेले किंचित ताणले जातात, पण अर्धवट तुकडा कडेला लोंबत नाही. हे ज्याने केलं त्याने पट्टा हातात घेऊन पाहिलेला असणार.

मग यादीचं पान कोणी केलं, देव जाणे. लॅपटॉपवर उभे कार्ड आहेत, तिथे सगळं ठीक. फोनवर मात्र दोन रकाने, चौरस लघुचित्रं, 'ऑब्जेक्ट-फिट' कव्हर, म्हणजे चौकट भरेल असा फोटो कापायचा, आणि वरचा भाग राखून खालचा छाटलेला. बूट विकत असता तर कोणी बोललं नसतं. पण झुलू मणीकामात त्रिकोण बोलतो. सर्वसाधारणपणे सांगतात ते असं: एकटा त्रिकोण अविवाहिताचा, आणि टोक वर की खाली यावरून मुलगा की मुलगी ते कळतं. दोन त्रिकोण बुडाला बूड लावून जोडले तर विवाहित स्त्री, टोकाला टोक लावून डमरू केला तर विवाहित पुरुष. आता डमरूचं लटकन वरून अर्धं दाखवा, काय उरलं? एक त्रिकोण. फोनवर त्या साइटचे सगळे नवरे बिनलग्नाचे झालेत, बायकाही. 'कव्हर'च्या जागी 'कन्टेन' (फोटो न कापता पूर्ण बसवणारा) आणि मागे साधा रंग एवढंच करायचं होतं. फारच हौस असेल तर एचटीएमएलचा 'पिक्चर' घटक वापरून फोनसाठी वेगळा फोटो द्या.

दुसरी तक्रार रंगांची. क्वाझुलू-नाताल प्रांताच्या म्सिंगा भागातल्या 'इसिशुंका' या रंगमेळात पांढरा, फिका निळा, गडद हिरवा, फिका पिवळा, गुलाबी, लाल आणि काळा असे सात रंग येतात. साइटवरचे फोटो लॉसी वेबपीत (थोडी माहिती गाळून फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) आहेत आणि त्यात रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठते. मोठ्या फोटोत हे कळतही नाही. पण लघुचित्रात एकेक मणी जेमतेम दोन पिक्सेलचा, तिथे लालाशेजारची गुलाबी ओळ लालातच विरघळते. एव्हिफ या दुसऱ्या फोटो-प्रकारात रंग पूर्ण ठेवायची सोय आहे, निदान याद्यांपुरती वापरावी. डेटा वाचवायची कळकळ समजते, आणि 'सोर्ससेट' (एकाच फोटोच्या लहान-मोठ्या फाइलींची यादी) नीट लावून फोनला लहान फाइल पाठवली आहे हेही खरं. पण नक्षीच पुसून बचत कसली?

मजकूर इसिझुलू (झुलू भाषा) आणि इंग्रजी दोन्हींत आहे, भाषेची खूणही कोडमध्ये बरोबर दिली आहे. फक्त मथळे सरसकट मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत बदलणारा नियम काढून टाका. नोंगोमाजवळच्या एन्योकेनी राजवाड्यावर सप्टेंबरमध्ये होणाऱ्या 'उम्खोसी वोम्हलांगा' या बोरूनृत्याच्या सोहळ्यावर चांगलं पान आहे. हे नाव इंग्रजी लिपीत लिहिताना सुरुवातीचं अक्षर लहान आणि आतलं मोठं असतं. सीएसएसने ते सपाट केलंय. शिवाय बटणावरचे लांबलचक शब्द ३६० पिक्सेलमध्ये मावत नाहीत, शेवटची दोन अक्षरं बाहेर सांडतात.

बाकी मेनू अंगठ्याच्या टप्प्यात, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, रँडमधली किंमत पहिल्याच नजरेत. पाचपैकी साडेतीन. लग्नाची भेट म्हणून काही घेणार असाल, तर यादीतल्या चित्रावर जाऊ नका. वस्तूचं पान उघडून पूर्ण फोटो बघा, मगच पैसे भरा.