नासाने रॉकेट स्वतःचं ठेवावं की सीट विकत घ्यावी?

नासानं स्वतःचं रॉकेट बनवावं की खासगी कंपन्यांच्या यानात अंतराळवीरांसाठी सीट विकत घ्यावी, अमेरिकेत नासाच्या बजेटवरून हे भांडण पुन्हा पुन्हा होतं, आणि तिथे मतदार असलेले आपले लोकही गोंधळतात की बाजू कुणाची घ्यायची, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी सरकारी रॉकेट, म्हणजे एसएलएस (स्पेस लाँच सिस्टिम), माणसांना चंद्राकडे न्यायला बनवलेलं. 2010 ला ओबामांनी बुशच्या काळातला कॉन्स्टेलेशन प्रोग्रॅम, म्हणजे माणसांना पुन्हा चंद्रावर न्यायची योजना, बंद करायला काढला, नील आर्मस्ट्राँगनी सिनेटसमोर जाऊन विरोध केला, शेवटी काँग्रेसनं कायदाच करून एसएलएस बनवायला लावलं. नोव्हेंबर 2022 ला ते उडालं, त्याच्यावर बसवलेलं ओरायन यान चंद्राला फेरी मारून आलं, ताकदीचा प्रश्नच नाही. पण खर्च! नासाच्याच इन्स्पेक्टर जनरलनी, म्हणजे अंतर्गत तपासनीसांनी, पहिल्या चार मोहिमांसाठी दर उड्डाणाला 4.1 अब्ज डॉलर असा हिशोब काढला. त्या पहिल्या उड्डाणातली चारही मेन इंजिनं आधी शटलवर, म्हणजे नासाच्या जुन्या अंतराळयानावर, अंतराळात जाऊन परत आलेली, दुरुस्त करून पुन्हा पुन्हा वापरलेली, ती एका फेरीत कायमची समुद्रात गेली. मला हे खरंच लागतं.

2025 ला व्हाइट हाऊस म्हणालं तिसऱ्या आर्टेमिसनंतर (आर्टेमिस म्हणजे एसएलएसवरच्या चंद्रमोहिमा) हे रॉकेट थांबवू, तर काँग्रेसनं चौथ्या-पाचव्यासाठी पैसे दिले. अलाबामा, लुइझियानातल्या नोकऱ्या त्यावर आहेत आणि चीनच्या आधी चंद्रावर पोचायची घाईही आहे.

आता विकतची सीट. 2014 ला बोइंगला 4.2 आणि स्पेसएक्सला 2.6 अब्ज डॉलरचं, अंतराळवीरांना स्पेस स्टेशनवर नेण्या-आणण्याचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, रक्कम ठरलेली, वर खर्च झाला तर कंपनीच्या खिशातून. बोइंगला दीड अब्जाहून जास्त तोटा सोसावा लागला, तो करदात्यावर पडला नाही. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून आठेक दिवसांसाठी गेले आणि नऊ महिने राहिले, स्टारलायनर रिकामं परत आलं, तेव्हा दुसऱ्या कंपनीचं, स्पेसएक्सचं, ड्रॅगन यान होतं म्हणून ते त्यातून घरी आले. त्यामुळे विकत घ्यायचं तर दोघांकडून, एकाच्या भरवशावर अजिबात नको.

माझं मत विचाराल तर स्पेस स्टेशनपर्यंत सीट विकतच घ्यावी, यात मला शंका नाही. चंद्रासाठीही शेवटी तेच व्हावं, पण दुसरं कुठलं तरी यान माणसं घेऊन तिथे जाऊन येईपर्यंत एसएलएस बंद करू नये, कारण जुलै 2011 ला शटल थांबलं तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं आणि मे 2020 पर्यंत जवळपास नऊ वर्षं रशियाच्या सोयुझ यानामध्ये सीट मागावी लागली, तिचा भाव शेवटी 8 कोटी डॉलरच्या वर गेला होता.