स्टेटस बाइट बरोबर आला म्हणून मी पैसे मोजले

१९९८ साली भोसरीच्या शेडमध्ये एका जुन्या मिलिंग मशीनचा कंट्रोलर मी स्वतः बांधला. आयएसए स्लॉटचा (कार्ड बसवायची जुन्या पद्धतीची खाच) पीसी, त्यात मोटर नेमक्या जागी नेणारी, बाजारात तयार मिळणारी सर्व्हो कार्डं, बाहेर मोटरला ताकद देणारा ड्राइव्ह. कार्ड गेलं तर कार्ड बदलायचं, कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत बसायचं नाही, एवढाच हिशेब. वीस वर्षं तो बरोबर ठरला.

मग वाय अक्षाचं, म्हणजे टेबल एका दिशेने सरकवणारं, कार्ड गेलं. आयएसए कधीच मोडीत निघालेलं, कार्डावरची एलएम६२८ ही मोशन कंट्रोलची चिपही बनवणं बंद झालेलं. लॅमिंग्टन रोडला एका दलालाकडे ‘न वापरलेला जुना स्टॉक’ सापडला. सीलबंद पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. पुडीसुद्धा! एकाचे १८ हजार. पुन्हा मिळायचं नाही म्हणून दोन घेतली.

त्याने माझ्यासमोर कार्ड पीसीत घातलं, रीसेट दिला. स्क्रीनवर स्टेटस बाइट, म्हणजे चिप आपली स्थिती सांगते तो आकडा, हेक्समध्ये ८४. डेटाशीटमध्ये हेच आहे. “साहेब, अजून काय पाहिजे?” मलाही वाटलं, अजून काय पाहिजे?

मोटर पाहिजे होती. भोसरीत ड्राइव्ह चालू केला आणि टेबल दाणकन टोकाला आदळलं. नशीब, व्हाइसमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, नव्हता. स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर चिपच्या १९ नंबरच्या पायावर पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारे पल्स. म्हणजे ही ६२८ नव्हेच, तिची बहीण ६२९. दोघींच्या कमांड त्याच, रीसेटचं उत्तरही तेच. पण ६२८ डॅकला (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आकडा देते, ६२९ पीडब्ल्यूएम काढते. माझ्या कार्डावर डॅक होता, आणि त्याला कचरा मिळत होता.

बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन चिप पुसली. कापूस काळा. खाली एकाच दिशेचे घासल्याचे ओरखडे, आणि एक नंबर पायाजवळचा गोल खळगा अर्धा रंगाने बुजलेला. म्हणजे खरा नंबर घासून, वर रंग देऊन ६२८ छापलेलं. हे दुकानातच नखाने कळलं असतं.

बिल तेव्हा कुठे नीट वाचलं: ‘इलेक्ट्रॉनिक भंगार, माल परत घेतला जाणार नाही.’ फोनवर तो शांतपणे म्हणाला, “कार्ड डिटेक्ट तर होतंय ना?”

असलं कार्ड घ्यायचंच असेल तर एन्कोडरवाली (किती फिरली ते सांगणारी) छोटी मोटर आणि ड्राइव्ह पिशवीत घालूनच जा, तिथेच एन्कोडर कार्डाला जोडून, म्हणजे लूप बंद करून, फिरवून बघा. आणि बिलावर चिपचा नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर तिथूनच परत फिरा.

मशीन आता चालतंय. जुन्या कार्डाची चिप धडधाकट होती, मेला होता तो डॅक. तीच चिप उपटून नव्या कार्डाच्या सॉकेटमध्ये बसवली. थोडक्यात, ३६ हजारांना मी एक डॅक विकत घेतला.