११ वर्षांच्या लेकीसाठी २० गेजची शॉटगन: टर्की पक्ष्याच्या शिकारीचा एक हंगाम वापरून

मॉसबर्ग ५०० सुपर बँटम, २० गेज (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद), पंप, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायचं. आम्ही मिसुरीत राहतो. बंदूक हिवाळ्यात घेतली, वसंतातला टर्कीचा हंगाम तिच्यावर काढला आणि उन्हाळाभर मातीच्या तबकड्या फोडल्या. ज्यांच्या घरी मूल ‘मलाही यायचंय’ म्हणून मागे लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. भारतातल्या नातेवाइकांना यातलं काही पटणार नाही. तिकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद. त्यामुळे फोनवर आईची समजूत घालणं अजून चालूच आहे.

दुकानात सल्ला मिळाला, ‘१२ गेजच घ्या, मूल मोठं होतंच.’ शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तशी बंदूक घेता येत नाही. दस्ता लांब पडला की मूल मागे रेलतं, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि नेम गेलाच. मोठ्यांच्या बंदुकीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत साधारण १४ इंच असतात. हिच्यात १२, आणि दस्त्याची लांबी वाढवणारी सोबतची चकती घातली की १३. पंपाची मूठही अलीकडे आणलेली आहे, त्यामुळे हात ताणावा लागत नाही. वजन सव्वापाच पौंडांच्या आसपास. सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारा खटका, वरच्या बाजूला, अंगठ्याखाली. लेक उजवखोरी असली तरी तिचा डावा डोळा जोरकस, म्हणून ती डाव्या खांद्यावरून मारते. सेफ्टीचं चापामागे उजव्या हाताच्या सोयीचं आडवं बटण असतं तर तिची पंचाईत झाली असती. कुठला डोळा जोरकस आहे ते बंदूक घेण्याआधीच तपासा.

आता काडतुसं. खरी गोम इथे आहे.

टंगस्टनच्या छऱ्यांनी, म्हणजे टीएसएसने (टंगस्टन सुपर शॉट), लहान गेजचं गणितच बदललं. शिशाची घनता ११च्या वर, टंगस्टनच्या या छऱ्याची १८च्या आसपास. छऱ्याचा नंबर मोठा तितका छरा बारीक. त्यामुळे जेमतेम २ मिलिमीटरचा नंबर ९ छरा शिशाच्या नंबर ५ इतका आत शिरतो, आणि एका औंसात दुपटीहून जास्त मावतात. म्हणूनच हल्ली २० गेजहूनही बारीक नळीची .४१० घेऊनही टर्कीला जाणारे दिसतात. शेजारच्या काकांची .४१० एकनळी लेकीनेही चालवून पाहिली. धक्का जवळजवळ नाहीच, आणि अगदी लहान मुलासाठी मीही तीच सुचवीन. पण .४१०ची साधी सरावाची काडतुसं २०च्या मानाने महाग पडतात, आणि मुलाचा हात बसतो तो सरावानेच.

२० गेजच्या ३ इंची टीएसएस काडतुसात दीड औंस छरे येतात. १२ गेजच्या तबकड्यांच्या काडतुसात सव्वा औंसही नसतात! तेवढा भार एवढ्या हलक्या बंदुकीतून सुटला की मोठ्या माणसाचाही खांदा हबकतो. मुलाला तो धक्का दोनदा बसला तर तिसऱ्यांदा डोळे मिटूनच चाप ओढला जातो. म्हणून पॅटर्न, म्हणजे छऱ्यांचा फैलाव, मीच कागदावर मारून पाहिला, तोही मोजक्या काडतुसांत, कारण पाचांच्या डब्याची किंमत ऐकून घाम फुटतो. लेकीने सगळा सराव पाऊण-एक औंसाच्या हलक्या काडतुसांवर केला. टीएसएस तिच्या हातात थेट शिकारीला दिलं. सावज समोर असताना धक्का जाणवत नाही म्हणतात, आणि तिच्या बाबतीत ते खरं ठरलं. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात १०० छरे हा मोठ्यांचा नेहमीचा निकष. आम्ही मात्र २५ यार्डांच्या पुढे मारायचं नाही असं ठरवलं होतं.

नळीच्या टोकावरच्या नुसत्या मण्यावर मुलांचा नेम बसत नाही. पक्षी बघायला ती मान उचलतात आणि छरे वरून निघून जातात. रेड डॉटने, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमयंत्राने, हे थांबतं. पहिला स्वस्तातला घेतला होता, नाव घेत नाही; जड काडतुसांनंतर त्याचा ठिपका सरकायला लागला. दुसरा टिकलाय. सोबत बंदूक टेकवायला तिपाई हवीच.

मिसुरीत ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मुख्य हंगामाआधी एक शनिवार-रविवार राखीव असतो. छरा नंबर ४पेक्षा जाड चालत नाही. त्या सकाळी नर टर्की पिसारा फुलवून आमच्या बनावट मादीभोवती घिरट्या घालत होता. मी कानात पुटपुटले, ‘मार.’ ती म्हणाली, ‘आई, मान आत आहे त्याची.’ बरोबर होतं तिचं. फुललेल्या नराची मान अंगात ओढलेली असते, आणि मारायचं ते डोक्या-मानेवर. मी शिट्टीवर तुटक आवाज काढला, त्याने पिसारा मिटून मान ताणली, आणि पुढचं काम २० गेजने केलं. पक्षी जागीच कोसळला. खांदा दुखला का विचारलं, तर म्हणे ‘कुठला खांदा?’

दोन गोष्टी राहिल्या. २०ची काडतुसं पिवळी का असतात ते मुलांना नीट समजावा: १२ गेजच्या नळीत चुकून गेलं तर ते पुढे जाऊन अडकतं, आणि वर १२चं भरून मारलं की नळी फुटते. आणि रानात जाताना मुलांना लाल, पांढरं, निळं काही घालू नका. नराच्या डोक्याचे रंग तेच, दुसऱ्या शिकाऱ्याला भास होऊ शकतो.

एच-१बीवर असणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारा. फेडरल कायद्याने त्यांना बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद.

सध्या हीच बंदूक शिशाचा नंबर ६ भरून खारींसाठी चालतेय. तो हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहे. पोरीची उंची वाढतेय, वसंताआधी ती चकती घालावी लागणार.