गुहा की लेणी?

सहलीच्या पत्रकात ‘अजिंठा गुहा’ लिहू की ‘अजिंठा लेणी’, असं मैत्रिणीने विचारलं.

घडण: गुहा निसर्गाने केलेली, लेणं छिन्नी-हातोड्याने कोरलेलं. कार्ल्याच्या चैत्यगृहाला, तिथल्या खांबांवरच्या हत्तींसकट, नुसतं गुहा म्हटलं की कारागिरांची मेहनतच पुसली जाते. मला ते फार खटकतं. शिवाय नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांतही ‘लेण’ आहेच.

बोलण्यात: वाघ गुहेत राहतो, लेण्यात नाही. ‘सौभाग्यलेणं’मधलं लेणं म्हणजे दागिना, संदर्भाने कळतं.

अनेकवचन: गुहेचं गुहाच; एक लेणं, अनेक लेणी.

तेव्हा अजिंठा, वेरूळ, घारापुरीसाठी लेणीच लिही. आंध्रातल्या बोऱ्यासारख्या, चुनखडीत पाण्याने झालेल्या पोकळ्यांसाठी गुहा.