विकलेल्या ट्रकचा मालक मीच

मार्च 2021 मध्ये मी माझा सहाचाकी ट्रक विकला. गुडघे धरले होते आणि मिरजेतून वाशीला द्राक्षाची, हळदीची भाडी मारायची उमेद संपली होती. घेणारा आमच्याच तालुक्यातला, लग्नकार्यात भेटणारा. चार लाख त्यानं माझ्या खात्यावर टाकले, फायनान्सचे उरलेले हप्ते तो भरणार असं ठरलं.

“आण्णा, बोजा उतरला की लगेच नावावर करून घेतो. तोवर नोटरी करून ठेवू,” तो म्हणाला. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं की आजपासून अपघात, दंड, कर, सगळी जबाबदारी घेणाऱ्याची. मूळ कागद त्याच्याकडे, झेरॉक्स माझ्याकडे. त्या एका ओळीच्या भरवशावर मी दोन वर्षं निवांत झोपलो.

हप्ते त्यानं वेळेवर भरले, म्हणून संशय आला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कर्ज फिटल्याची फायनान्सची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 मिळाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मी तारीख न घालता सह्या केल्या आणि सगळं त्याच्या हातात दिलं. खरं तर गाडी विकल्याचं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते माझं काम होतं. मी ते त्याच्यावर सोडलं.

खुणा दिसत होत्या. गाडीची ई-चलनं माझ्याच मोबाइलवर यायची. फास्टॅगही माझ्याच नावावर होता. त्याचे मेसेज आले की कळायचं, आज गाडी तासवडे टोलवर, आज थेट वापीकडे. फोन केला की तो म्हणायचा, “भरतो आण्णा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?” आपल्याकडे या प्रश्नापुढे माणूस गप्प बसतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये पोलिसांचा फोन आला, “गाडी तुमची ना?” कराडच्या पुढं ट्रकनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रक चालवणारा पोरगा बावीस वर्षांचा, खिशात फक्त शिकाऊ लायसन्स. विमा नोव्हेंबरमध्येच संपलेला. ज्यानं गाडी घेतली तो पोलिसांसमोर सरळ म्हणाला, “मी फक्त भाडी बघतो, मालक हे आण्णा.”

पुढं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली, प्रतिवादी क्रमांक एक मी. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल समजावला. गाडी कितीही हातांतून फिरलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्यानं मालक तोच आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्तानं खरा मालक शोधत फिरायचं नसतं. ऐकून पोटात गोळा आला, पण कोर्टाच्या व्हरांड्यात कुबड्या घेऊन बसलेला तो माणूस आणि त्याची बायको पाहिली तेव्हा मलाही हा नियम बरोबरच वाटला. त्यांनी काय माझ्या नोटरीची झेरॉक्स वाचत बसायचं? विमा चालू असता तर विमा कंपनीनं त्यांचे पैसे आधी दिले असते आणि मग लायसन्सवरून मालकाकडून वसूल केले असते. विमाच नाही म्हटल्यावर तीही वाट बंद.

करांची भानगड त्यानंतर कळली. माझ्या पॅनची झेरॉक्स आणि “दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत” हे प्रतिज्ञापत्र, माझी खोटी सही करून, त्यानं ट्रान्सपोर्टवाल्यांना दिलं होतं. तसं दिलं की भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापत नाहीत. पैसा त्याच्या खिशात आणि उत्पन्न माझ्या पॅनवर. बारा टनांवरच्या गाडीला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 44एई प्रमाणे दर टनाला महिन्याला एक हजार रुपये उत्पन्न धरायचे. सोळा टनाच्या गाडीचे वर्षाला 1 लाख 92 हजार झाले. आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा गाडी दोन वर्षं माझ्या दारात उभीसुद्धा राहिलेली नव्हती.

त्यानं नावावर का करून घेतली नाही, तेही उशिरा कळलं. त्याच्या दोन गाड्यांचे हप्ते थकले होते. स्वतःच्या नावावर काही आलं की ओढून नेतील ही भीती. माझं नाव त्यानं आडोशासारखं वापरलं.

वकिलांनी नोटरीच्या रजिस्टरमधली नोंद मिळवली, त्यात त्याची सही आहे. बँकेतल्या चार लाखांची नोंदही आहे. यावरून मला उद्या त्याच्याकडून वसुली मागता येईल, पण अपघातग्रस्ताची भरपाई त्यानं थांबत नाही.

तुम्ही ट्रक, टेम्पो, पिकअप काहीही विकलं असेल तर वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे ते आजच बघा. कर्ज बाकी असेल तर फायनान्सच्या लेखी संमतीशिवाय चावी देऊ नका. सह्या करायच्या तर आरटीओच्या खिडकीपर्यंत स्वतः जा आणि पोच घेऊन या. विमा कंपनीला लेखी कळवा, फास्टॅग बंद करा. पॅनच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहा.

दावा अजून चालू आहे. दर तारखेला तो माणूस कुबड्या घेऊन येतो, आणि मीही जातो.