दंडावरचा शुगर सेन्सर (सीजीएम), आईसाठी घेतलेला

आईला टाईप टू डायबेटीस आहे, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे, तिच्यासाठी हा १४ दिवसांचा सेन्सर घेतला. लावताना दुखत नाही, आंघोळ चालते, मोबाईलवर दिवसरात्र रीडिंग दिसतं. फक्त घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा की रिपोर्ट सोबत बसून बघाल का, ते नाही म्हणाले तर पैसे वाया घालवू नका.

आईचं एचबीए१सी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) चांगलं होतं म्हणून फॅमिली डॉक्टर म्हणाले सगळं कंट्रोलमध्ये आहे, कशाला उगाच खर्च. पण ती दोन-तीन महिन्यांची सरासरी झाली ना, पोह्यांनंतर २५० ला गेलेली शुगर आणि पहाटे ६० ला उतरलेली शुगर त्यात एकमेकांना झाकून टाकतात. ग्राफवर दोन्ही उघडे पडले.

आता आमचं. आई सारखा आकडा बघायची आणि घाबरून जेवण कमी करायची, मी ग्लुकोमीटरशी ताडून बघायचो आणि जुळत नाही म्हणून वैतागायचो. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे जेवल्यावर तो काही मिनिटं मागे असतो, हे आम्हाला विकताना कोणीच सांगितलं नाही.

मग डायबेटीसवाल्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलं काय विचारलं तर आई कुठल्या कुशीवर झोपते! झोपेत दंडावरचा सेन्सर अंगाखाली दाबला गेला की खोटं लो, म्हणजे शुगर उतरल्याचं, दाखवतो म्हणे. पहाटे बोट टोचून खात्री करायला सांगितली, काही लो खरे निघाले आणि रात्रीचा डोस कमी झाला. शिवाय शुगर ७० ते १८० मध्ये ७० टक्के वेळ राहावी हे टार्गेट सगळ्यांना नसतं, वयस्कर आणि लो व्हायचा धोका असलेल्यांना ५० टक्क्यांच्या वर चालतं पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी वेळ हवा, हे त्यांनी आईला नीट समजावलं. आई तोवर ५८ टक्के बघून नापास झाल्यासारखी बसली होती हो, खूप बरं वाटलं तिला.

महाग आहे, कायम लावणं आम्हाला परवडणार नाही, पण व्हिजिटच्या आधी एकदा लावायचा असं ठरवलंय. ग्लुकोमीटर मात्र टाकून देऊ नका, आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही सेन्सर त्याने रीडिंग जास्त दाखवतात.